चेहऱ्यावरून मूत्रपिंडाकडे

अकोल्यातल्या एका घरात २०२२ साली आई आणि तिच्या दोन मुली अशा तिघीजणी काही महिन्यांत पाठोपाठ आजारी पडल्या. तिघींचंही दुखणं एकच निघालं. मूत्रपिंडांतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्यांना सूज आली होती. हा काही सर्दी-खोकल्यासारखा एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार नव्हे. मग एकाच छपराखाली तिघींना तो एकदम कसा व्हावा? प्रकरण मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोचलं. तिथे उलगडा झाला तो औषधाच्या चिठ्ठीवरून नव्हे, तर आरशासमोरच्या डबीवरून. गावातल्याच ब्युटीशियनकडून आणलेलं, चेहरा उजळवणारं एक क्रीम तिघीही लावत होत्या. ते तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला, आणि तोही कायद्यानं मान्य केलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट.

त्याच सुमारास हजाराहून अधिक किलोमीटरवर, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, किडनीतज्ज्ञांना असंच कोडं पडलं होतं. कोट्टक्कल हे गाव बहुतेकांना आयुर्वेदासाठी ठाऊक आहे. तिथल्या ॲस्टर मिम्स रुग्णालयात डॉ. सजीश शिवदास आणि डॉ. रणजित नारायणन यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या विकाराचे रुग्ण येऊ लागले. या आजारात मूत्रपिंडाच्या चाळणीचा पडदा जाड होतो, रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात, लघवीला फेस येतो, डोळ्यांखाली आणि पायांवर सूज चढते. एरवी या विकारात ज्या प्रथिनाच्या खुणा बायोप्सीत दिसतात, त्या इथे नव्हत्या. त्याऐवजी ‘नेल-१’ नावाचं, क्वचित आढळणारं प्रथिन सापडत होतं. रुग्णांत अगदी शाळकरी वयाची मुलगीही होती.

जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांत नेल-१ आढळलं. या १५ पैकी १३ जणांनी, खोदून विचारल्यावर, गोरं करणारं क्रीम लावत असल्याचं सांगितलं. हा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि देशभरातल्या किडनीतज्ज्ञांच्या तपासणीत एका प्रश्नाची भर पडली: चेहऱ्याला काय लावता?

हा प्रश्न इतका उशिरा का सुचावा, हे समजण्यासारखं आहे. डॉक्टर विचारतात, कुठली औषधं चालू आहेत? रुग्ण रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो, फार तर एखादा काढा सांगतो. क्रीम हे काही त्याच्या लेखी औषध नसतं. त्यात थोडी लाजही असते. आपण गोरं व्हायला काहीतरी लावतो, हे सासरच्या माणसांसमोर, नवऱ्यासमोर किंवा परक्या डॉक्टरसमोर कोण चटकन कबूल करणार? पुरुष तर त्याहून नाही. विष लपून राहतं ते असं दोन ठिकाणी, डबीवरच्या कागदात आणि वापरणाऱ्याच्या संकोचात.

पारा क्रीममध्ये चुकून पडत नाही, तो घातला जातो, आणि घालण्याचं कारण साधं आहे. त्यानं रंग खरोखरच उजळतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर लागतं, आणि त्या विकराला काम करायला तांबं लागतं. पाऱ्याचे क्षार त्या तांब्याची जागा बळकावतात. मेलॅनिन बनणं मंदावतं आणि काही आठवड्यांतच आरशात फरक दिसू लागतो. शेजारीण विचारते, ऑफिसातली मैत्रीण विचारते, आणि क्रीमची कीर्ती तोंडोतोंडी पसरते. क्रीम थांबवलं की रंग पुन्हा पूर्ववत होतो, कधी आधीपेक्षा जास्त काळवंडतो. म्हणून डबी संपली की दुसरी येते.

तोवर पारा त्वचेतून रक्तात उतरलेला असतो. शरीर तो मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकू पाहतं आणि म्हणून तिथेच तो साठत जातो. शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायलाच एक-दोन महिने लागतात. इकडे सकाळ-संध्याकाळ नवा थर चढतच असतो. मूत्रपिंडांबरोबर मज्जासंस्थेलाही त्याचा फटका बसतो. हात थरथरतात, झोप उडते, विसरायला होतं, चिडचिड वाढते, हातापायांना मुंग्या येतात. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्याही कारणाच्या माथी मारता येतं. अमुकचं वय झालं, तमुकला टेन्शन आहे.

क्रीम लावणारीच तेवढी धोक्यात असते असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया राज्यांत मेक्सिकोहून आलेल्या, लेबल नसलेल्या क्रीमचा छडा लागला. आरोग्य खात्यानं ते वापरणाऱ्या घरांतल्या सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा क्रीमला कधी हातही न लावलेल्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या लघवीतही पारा सापडला. पाऱ्याची वाफ होते. तो उशीच्या अभ्र्याला लागतो, टॉवेलला लागतो. आई बाळाच्या गालाला गाल लावते, तेव्हा बाळाच्या गालालाही लागतो.

कॅलिफोर्नियातलीच २०१९ मधली घटना याहून भयंकर आहे. सॅक्रामेंटोच्या एका ४७ वर्षांच्या बाईंना बोलता येईना, चालता येईना, हातापायांवर ताबा राहीना. त्या अर्धवट बेशुद्धीत गेल्या. त्यांच्या रक्तात दर लिटरमागे २,६२० मायक्रोग्रॅम पारा होता. सात वर्षं दिवसातून दोनदा त्या मेक्सिकोहून ओळखीच्या माणसांमार्फत येणारं क्रीम लावत होत्या. त्या क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण १२,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत बारा हजार भाग, निघालं. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अशा क्रीमच्या ५० ग्रॅमच्या डबीत ६०० मिलिग्रॅम पारा असतो. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असे. थर्मामीटर फुटला तर आया मुलांना खोलीबाहेर काढत असत. इथे जवळपास तेवढाच पारा बोटानं चेहऱ्यावर चोळला जात होता. शिवाय या डबीत मिथाइल पारा होता. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत आणि माशांतून माणसांत गेला होता तो हाच पारा.

ही माहिती नवी असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण १९७२ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केनियाच्या नैरोबीतल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांचा अहवाल छापला होता. अंगावर सूज आणि लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाऱ्याचं क्रीम वापरत होते. हे कळून पन्नास वर्षं उलटली. नैरोबी, सॅक्रामेंटो, कोट्टक्कल, अकोला. प्रत्येक ठिकाणी विषाचा शोध रुग्णाच्या मूत्रपिंडानं किंवा मेंदूनं लावला. बाजारात, दुकानात, गोदामात, आयात होताना कुणी लावला नाही. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच आहे.

कायदा नाही असं मुळीच नाही. पाऱ्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावानं ओळखला जातो. तो २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारतानं २०१८ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. एक पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेल्या सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत बंद करायचं त्यात ठरलं होतं. पुढे २०२३ च्या जिनिव्हातल्या बैठकीत ती एक पीपीएमची सवलतही काढून टाकायचं ठरलं आणि पारा मिसळलेली सगळीच प्रसाधनं २०२५ पर्यंत हद्दपार करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडच्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंत ७० पीपीएमपर्यंत आणि बाकीच्यांत, नकळत आलेला असला तरच, एक पीपीएमपर्यंत पारा चालतो.

पण नियम कागदावर आणि डबी टेबलावर. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०१४ मध्ये बाजारातली ३२ गोरेपणाची क्रीम आपल्या प्रयोगशाळेत तपासली. त्यातल्या १४ मध्ये पारा होता, ०.१० ते १.९७ पीपीएमपर्यंत. त्याच वेळी तपासलेल्या ३० लिपस्टिकपैकी १५ मध्ये क्रोमियम आणि १३ मध्ये निकेल आढळलं. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. नावाजलेल्या कंपनीच्या क्रीममधला एखादा पीपीएम पारा आणि अकोल्यासारख्या प्रकरणातल्या निनावी डबीतला पारा या एका मापानं मोजायच्या गोष्टी नाहीत. पहिल्याबद्दल कंपनीला जाब विचारता येतो, कारण तिचा पत्ता असतो. दुसरीनं मूत्रपिंड निकामी झालं तरी कुणाच्या दारात जायचं, हेच कळत नाही.

या निनावी डब्या येतात कुठून? काही पाकिस्तान, थायलंड, चीनमधून, काही आपल्याच देशातल्या मागच्या खोल्यांतून. पाकिस्तान सरकारनंच २०१९ मध्ये आपल्या बाजारातल्या ५९ क्रीमची तपासणी केली, तेव्हा मर्यादेत बसणारी फक्त ३ निघाली. झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या संस्थांच्या आघाडीनं २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ऑनलाइन दुकानांतून २७१ क्रीम विकत घेऊन तपासली. १२९ मध्ये पारा एक पीपीएमच्या वर होता. म्हणजे गल्लीतल्या पार्लरपर्यंत जायचीही गरज उरलेली नाही, ती डबी कुरिअरनं घरपोच येते.

करायचं ठरवलं तर करता येतं, हे केरळनं दाखवलं. तिथल्या औषध नियंत्रण विभागानं २०२३ मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ ही मोहीम सुरू केली, दुकानांवर छापे घातले, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. काही नमुन्यांत पारा मर्यादेच्या १२,००० पट निघाल्याचं राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री वीणा जॉर्ज यांनी जाहीर केलं. तेवढं विष ग्राहकाच्या घरी जाण्याआधी दुकानातच पकडलं गेलं, हे महत्त्वाचं. अकोल्यानंतर महाराष्ट्रात अशी सलग, जिल्ह्याजिल्ह्यांत जाणारी मोहीम निघायला हवी आहे.

पाऱ्याची चर्चा चाललेली असताना त्याच्या बिनबोभाट जोडीदाराला विसरून चालणार नाही. तो म्हणजे स्टिरॉइड. चेहऱ्यावर वांग आले की त्वचारोगतज्ज्ञ हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक सौम्य स्टिरॉइड यांचं मिश्रण थोड्या आठवड्यांसाठी देतात. अमेरिकी डॉक्टर क्लिगमन यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या सूत्राचं हे पुढचं रूप. डॉक्टरच्या देखरेखीखाली ते औषध आहे. आपल्याकडे मात्र ते मेडिकलच्या काउंटरवर साबण मागावा तसं मागितलं जातं आणि ‘फेस क्रीम’ म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. पहिले काही दिवस चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लालबुंद होते, खालच्या शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, बायकांच्या गालांवर लव दाट होते. थांबवावं तर चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

या अवस्थेला स्वतंत्र वैद्यकीय नाव द्यावं लागलं आणि ते देण्यात कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांचा पुढाकार होता, यावरूनच भारतात तिचं प्रमाण किती असेल याची कल्पना यावी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक शहरांत मिळून केलेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडचं क्रीम लावत असल्याचं आढळलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. ती बंदी किती पाळली जाते, ते कुठल्याही शहरातल्या मेडिकल दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

पारा काय, शिसं काय, हे धातू आपल्या शृंगाराला आणि देवघराला नवे नाहीत. हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. मुळातला सुरमा शिशाच्याच खनिजाचा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतून, तसंच मुंबई आणि दिल्लीहून भांगात भरायच्या सिंदूरचे ११८ नमुने गोळा केले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जवळपास ८० टक्के नमुन्यांत शिसं होतं. अमेरिकी औषध प्रशासनाची मर्यादा ओलांडणारे नमुने भारतातून घेतलेल्यांत ४३ टक्के, तर अमेरिकेत घेतलेल्यांत १९ टक्के होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानली जात नाही. आईच्या कपाळावरचं बोट मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही, म्हणून हे सांगायचं.

तरीही क्रीमचा प्रश्न वेगळा आहे. सिंदूर श्रद्धेनं लावला जातो, क्रीम धास्तीनं. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द अजून छापले जातात. ‘मुलगी हुशार आहे, पण रंगानं सावळी आहे’ या वाक्यातला ‘पण’ घरातली सख्खी माणसं उच्चारतात, आणि तो मुलीला वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून ऐकू येत असतो. भारतात गोरेपणाच्या क्रीमचा पहिला मोठा ब्रँड १९७५ मध्ये आला. २०२० मध्ये त्यानं आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द गाळला. त्या ब्रँडचा पाऱ्याशी संबंध नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं, पण त्याच्या जाहिरातींनी जी मागणी घरोघरी रुजवली, तीवरच निनावी डब्यांचा धंदा वाढला. सावळ्या माणसाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं जाहिरात मानक परिषदेनं २०१४ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं गोरं करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींसाठी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, असा मसुदाही काढला. पण जाहिरातीवर बंदी घालून घरातला तो ‘पण’ थांबत नाही. आणि तो थांबेपर्यंत मुलींच्या मूत्रपिंडांनी वाट पाहायची का? म्हणून दोन्ही कामं एकदम करावी लागतील, बाजारात नमुने तपासण्याचं आणि घरात जीभ आवरण्याचं.

ओळखायचं कसं, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. पारा असलेली डबी नुसती पाहून, हुंगून ओळखता येत नाही. पण संशय घ्यायच्या जागा आहेत. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असायलाच हवी. परदेशी वस्तू असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवा. यातलं काही नसेल, किंवा पार्लरवाली ‘हे आमचं खास बनवलेलं’ म्हणून कोऱ्या डबीत भरून देत असेल, तर ती घेऊ नये. कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरिओ असे शब्द यादीत दिसले तर तो पाराच. जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक खूण सांगितली आहे. ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना क्रीमवर असेल तर त्यात पारा असू शकतो, कारण पारा या धातूंना खातो. आणि आठ-पंधरा दिवसांत रंग बदलवून दाखवण्याचं वचन कुठलंही क्रीम देत असेल, तर ते वचन हाच सर्वांत मोठा धोक्याचा इशारा समजावा.

ज्यांनी असं क्रीम महिनोन्महिने लावलं आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण गप्पही बसू नये. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी साधी, स्वस्त आणि तालुक्याच्या गावातही होणारी आहे. डॉक्टरांना क्रीमबद्दल न लाजता सांगावं आणि शक्य तर डबी सोबत न्यावी. कोट्टक्कलच्या रुग्णांत एकाला मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तरी मूत्रपिंडाचं काम सगळ्यांचंच टिकून राहिलं. कारण वेळेवर ओळखलं गेलं आणि क्रीम बंद झालं. शंकास्पद डबी कचऱ्यात टाकू नये, कारण ती पुरावा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल आणि ‘महिन्याभरात चेहरा उजळवून देते’ असं सांगणाऱ्या डब्या पुन्हा हातोहात खपतील. आपल्या घरातल्या नवरीच्या, तिच्या बहिणीच्या, आणि हो, नवरदेवाच्याही कपाटातली डबी एकदा उलटी करून तिच्यावरचं लेबल वाचा. लेबल नसेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा, डबी कुठून आणली तेही सांगा, आणि तपासणीचं काय झालं हे विचारायला पुन्हा फोन करा.